‘कळवतो’ म्हणालात ना? मग कळवा!

आज सव्विसावा दिवस. “प्रोफाइल छान आहे मॅडम, दोन दिवसांत कळवतो,” असं सांगून एचआरच्या बाईंनी फोन ठेवला, त्याला आज सव्वीस दिवस झाले. तीन मेल केले. फोन उचलत नाहीत. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका उमटतात आणि पुढे शुकशुकाट. अहो, नाही घ्यायचं तर नका घेऊ, माझी कुठे जबरदस्ती आहे? पण ‘नाही’ एवढी दोन अक्षरं लिहायला बोटं झिजतात का तुमची?

अकाउंट्समध्ये नऊ वर्षं काढली आहेत मी. एम.कॉम. झालंय, टॅली, जीएसटी, टीडीएसची रिटर्न्स, ऑडिटच्या वेळी रात्री उशिरापर्यंत थांबणं, सगळं केलंय. मध्ये आईच्या आजारपणात दीड वर्ष घरी होते. आता चार महिने पुण्यात नोकरी शोधतेय, आणि ते दीड वर्ष जणू मी कुठेतरी दरोडा घालत होते अशा सुरात प्रत्येक जण विचारतो, “गॅप का आहे?” सांगितलं की आई आजारी होती. तर पुढचा प्रश्न, “आता कशा आहेत? म्हणजे परत सुट्टी लागणार नाही ना?” आई गेली हो माझी. हे मी एका इंटरव्ह्यूत सांगितलं, तर समोरच्याने मान हलवून “ओके” म्हटलं आणि नवरा काय करतो ते विचारलं. मग मुलं किती, सासू-सासरे जवळ राहतात का. बँकेचं खातं जुळवण्याशी माझ्या सासूचा काय संबंध?

पण या सव्वीस दिवसांच्या प्रकरणाने माझं डोकंच फिरलंय, कारण यांनी माझ्याकडून काम करून घेतलं. शनिवारी, १५ तारखेला दुपारी, ‘टेस्ट’ म्हणून एक्सेलची फाइल आली. खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणारा तक्ता) जुळवून द्या, फरक कुठे आहे ते लिहा, सोमवारी सकाळी दहापर्यंत. चारशेच्या वर ओळी. मुलाला बहिणीकडे सोडलं आणि शनिवार-रविवार त्यात घातला. एका पुरवठादाराने चार बिलं त्याच्या रिटर्नमध्ये चढवलीच नव्हती, दोन ठिकाणी एकच बिल दोनदा घेतलेलं होतं, ते सगळं शोधून रंग देऊन, शेरे लिहून पाठवलं. पाठवून झाल्यावर तारखा नीट पाहिल्या, तर तो गेल्याच महिन्याचा डेटा. जीएसटी नंबर खरे, २७ ने सुरू होणारे, आपल्या महाराष्ट्रातले. २बी तयार होतो १४ तारखेला, ३बी, म्हणजे त्याच महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायची मुदत २० पर्यंत. आणि टेस्ट आली १५ ला! अकाउंट्समधल्या कुणालाही विचारा, याचा अर्थ काय होतो ते. त्यांनी त्या फाइलचं पुढे काय केलं हे मला ठाऊक नाही. पण परीक्षाच घ्यायची होती तर जुना, बनवलेला डेटा देता आला असता, वीस ओळींत कळलं असतं मला काम येतं की नाही.

दुसऱ्या एका कंपनीने उत्तर तरी दिलं, पण ते ऐका. सहा लाखांचं पॅकेज. घरी सगळ्यांना वाटलं महिना पन्नास हजार. मी पेरोलचं, म्हणजे पगाराच्या हिशेबाचं, काम केलेलं आहे, मी कागद मांडून बसले. त्यात ६०,००० ‘व्हेरिएबल’, मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६०० त्यातच. ग्रॅच्युइटी १४,४३० त्यातच, जी सोडून जायचं तर पाच वर्षं काढल्याशिवाय हातात पडतच नाही! आरोग्य विम्याचे १०,०००, तेही माझ्याच डोक्यावर. मग माझा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स गेला की हातात ३९ हजारांच्या आसपास. पन्नास दाखवायचे आणि एकोणचाळीस द्यायचे. सरळ ‘हातात एवढे पडतील’ असं सांगायला काय होतं? वर नोटीस पीरियड आमच्यासाठी ९० दिवस आणि त्यांच्यासाठी ३०. आणि हेच लोक जाहिरातीत लिहितात, ‘लगेच रुजू होणाऱ्यांना प्राधान्य’.

आणि कृपा करून मला कुणी सांगू नका की अर्ज खूप येतात, वेळ नसतो. मी टेबलाच्या त्या बाजूलाही बसले आहे. भोसरीत असताना दोन ज्युनियर घ्यायचे होते, तेरा जणांना बोलावलं होतं. उरलेल्या अकरा जणांना मी स्वतः फोन केले. पाऊण तास लागला सगळे मिळून. बार्शीकडचा एक मुलगा मित्राच्या खोलीवर आमच्या निरोपाची वाट बघत थांबला होता. मी ‘या वेळी नाही जमलं रे’ म्हटल्यावर तो म्हणाला, “ताई, सांगितलंत ते बरं झालं, आज रात्रीची एसटी पकडतो.” त्याने किती दिवस जेवणाखाण्याचे पैसे मोजून काढले असतील! निरोपाअभावी माणूस शहरात अडकून पडतो, दुसरी नोकरी धरायची की थांबायचं हे त्याला ठरवता येत नाही. मी बाणेरची एक बरी नोकरी याच ‘दोन दिवसांत कळवतो’पायी सोडली. तिथे आता दुसरं कुणी लागलंय.

काल दुपारी एका कन्सल्टंटचा फोन आला. कंपनीचं नाव सांगेना, पण काम, जागा, पगार ऐकून मी ओळखलं. तीच जागा. तो म्हणाला, “मॅडम, अर्जंट आहे, एक छोटी टेस्ट पाठवू का?” काल तारीख होती १४.

मी त्याला म्हटलं, आधी त्यांना माझ्या मागच्या टेस्टचं काय झालं ते विचारा आणि मग मला फोन करा. “विचारून कळवतो,” म्हणाला.