ज्याच्या गावचा रेकॉर्ड, त्यालाच पत्ता नाही

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

इथे मनिलात लेकीच्या फुटबॉल प्रॅक्टिसला एक पोरगा येतो, दहा-अकरा वर्षांचा, काटकुळा, पण बॉल पायाला चिकटलेला असतो नुसता. अंगात कायम बार्सिलोनाची जर्सी, पाठीवर मेस्सी. आज त्याचे वडील कोचला सांगायला आले, उद्यापासून हा येणार नाही. अभ्यास बुडतो, आणि तसाही फुटबॉल काही आम्हा फिलिपिनोंचा गेम नाही.

तुमचा गेम नाही?? अहो, मेस्सीने 2014 मध्ये बार्सिलोनाचा गोलांचा जो रेकॉर्ड मोडला तो होता कुणाचा? पाउलिनो अल्कांताराचा, 369 गोल, आणि तो माणूस जन्मला तुमच्याच देशातल्या इलोइलोत! 1927 ला तो रिटायर झाला, तेव्हापासून इतक्या वर्षांत एवढे मोठमोठे प्लेयर येऊन गेले, कुणाला जमलं नाही. 1912 मध्ये पहिली मॅच खेळला तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि टीमचे पहिले तीन गोल यानेच मारले. 1922 ला फ्रान्सविरुद्ध त्याच्या शॉटने गोलची जाळी फाटली होती म्हणतात.

आणि अभ्यासाचं म्हणाल तर ऐकाच. 1916 ला आईवडील त्याला फिलिपिन्सला परत घेऊन आले, इथे तो मेडिकल शिकला, मनिलाच्या बोहेमियन क्लबकडून खेळला, आणि 1917 मध्ये टोकियोला फिलिपिन्सच्या टीमने जपानला 15-2 हरवलं त्यातही तो होता. पंधरा-दोन! आजचा जपान डोळ्यासमोर आणा आणि स्कोअर परत वाचा. पुढे 1920 च्या ऑलिंपिकसाठी स्पेनने निवडलं तर हा गेला नाही, मेडिकलच्या परीक्षा होत्या म्हणून, आणि ती टीम तिकडून सिल्व्हर घेऊन आली. तीस वर्षांचा असताना खेळणं सोडून डॉक्टरकी केली. आता सांगा, बुडाला का अभ्यास?

हे सगळं मी त्या वडिलांना तिथेच सांगितलं, कुया, कुया (इकडे दादाला म्हणतात) करत. पोरगं बाजूला उभं राहून ऐकत होतं, तोंड उघडं. वडील शांतपणे म्हणाले, "पण मॅम, तो तर अर्धा स्पॅनिश होता ना."

होता. अल्कांताराचे वडील स्पॅनिश सैन्यात, लहानपण बार्सिलोनात गेलं, मान्य. त्या 369 मध्ये फ्रेंडली मॅचेसही धरल्यात, तेही मान्य. स्पेनच्या यादवी युद्धात तो हुकूमशहा फ्रँकोच्या बाजूने लढला, ते मला अजिबात पटत नाही आणि पोरांपासून लपवूही नये. पण म्हणून आई इलोइलोची होती हे पुसलं जातं का? 2023 च्या महिला वर्ल्ड कपमध्ये वेलिंग्टनला सरिना बोल्डेनच्या हेडरने फिलिपिन्सने न्यूझीलंडला हरवलं तेव्हाही हेच ऐकलं, या तर अमेरिकेत वाढलेल्या पोरी. बरं, मग चीफी कालिगदोंगचं काय? तो तर बारोताक नुएव्होचा, त्याच इलोइलो प्रांतातला, इथेच वाढला, इथेच खेळून नॅशनल टीमपर्यंत गेला. त्याला काय म्हणणार?

एवढं टाइप केल्यावर जरा राग उतरलाय. ते वडील कॉल सेंटरच्या नाइट शिफ्टवरून थेट आले होते, पाठीला बॅग, डोळे लाल. त्यांच्यावर कसलं चिडायचं. जिकडे बघाल तिकडे बास्केटबॉलची रिंग लावलेली, फुटबॉल खेळायचा तर टर्फ भाड्याने घ्या, तासाचे पैसे मोजा. आपलं पोरगं यात पुढे जाईल असं त्यांना वाटावं तरी कशावरून? कुणी काही सांगितलंय का त्यांना कधी?

माझा राग खरं तर त्यावरच आहे. 2018 मध्ये अल्कांताराच्या नावाने एक कप सुरू केला, चांगलंय, पण प्रॅक्टिसला आलेल्या एकाही पोराला ते नाव माहीत नव्हतं. मी विचारलं सगळ्यांना. मेस्सी, रोनाल्डो, एम्बाप्पे, सगळे पाठ. आणि त्यांच्याच मातीतला माणूस, मेस्सीच्याच क्लबमधला, त्याच्याबद्दल पाटी कोरी!

वडील शेवटी एवढंच म्हणाले की घरी बोलतो, बघतो. तो येईल का नाही माहीत नाही. मी कोचला मेसेज टाकलाय की पुढच्या शनिवारी वॉर्म-अपच्या आधी मला पाच मिनिटं द्या, पोरांना अल्कांताराची गोष्ट सांगते, फोटो प्रिंट करून आणते. आपल्यापैकी मनिलात कुणाकडे मोठा प्रिंटर असेल तर इनबॉक्स करा, आणि ज्यांची पोरं दुसऱ्या ग्राउंडवर खेळतात त्यांनीही तिकडे सांगा की.