‘बसच्या काचेतून मोरोक्को’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मोरोक्कोच्या लेखाखाली तुम्ही ‘एक जुना वाचक’ अशी सही करून जे लिहिलंत ते मी परवा रात्री वाचलं आणि लगेच उत्तर खरडायला बसलो. आमच्या हिनं मोबाइल काढून घेतला. "रात्री अकरानंतर कुणाला उत्तर द्यायचं नसतं," म्हणाली. बरं झालं. त्या मसुद्यात ‘तुमच्या वयाचे असताना आम्ही’ हे तीनदा आलं होतं.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं म्हणणं असं : काका, तुम्ही मोरोक्को पाहिला नाहीत, बसच्या काचेतून बघितलात. झेंडा धरलेल्या माणसामागून मेंढरांसारखं फिरणं म्हणजे प्रवास नव्हे. हेच सगळं स्वतःचं स्वतः, अर्ध्या पैशात होतं. वाळवंटाच्या कडेला असलेल्या मर्झुगा गावचा तंबू म्हणजे कमोड बसवलेलं नाटकी वाळवंट. लेख टूर कंपनीच्या जाहिरातीसारखा वाटतो, दुकानदारीबद्दल त्यात अवाक्षर नाही. आणि शेवटचा टोला, मोरोक्कोच्याच चौदाव्या शतकातल्या जगप्रवाशाच्या नावानं : "इब्न बतूता काय टूर कंपनीचं बुकिंग करून गेला होता?"

काका म्हणालात, म्हणून थोड्या हक्कानं बोलतो.

पैशाचं आधी उरकून टाकू. तुमचा हिशोब पाठीवर सॅक टाकून डॉर्ममध्ये झोपणाऱ्या एकट्या माणसाचा आहे, आणि तसा तो बरोबर आहे. आम्ही दोघं. मी त्रेसष्ट वर्षांचा, हिचा एक गुडघा बदललेला. नुसतं मुंबईहून विमानाचं तिकीट माणशी ऐंशी हजारांच्या घरात गेलं. माराकेशपर्यंत रेल्वे उत्तम आहे हे तुम्ही लिहिलंत ते खरं, पण अॅटलास पर्वत ओलांडून वाळवंटाकडे जायला ती नाही. तिकडे गाडी करायची तर दोघांसाठी आख्खी करायची. फरक पडलाच असता, पण निम्मा नाही. आणि तुम्ही सुचवलेली फेझ ते मर्झुगा ही बस रात्रीची आहे, म्हणजे तो जवळपास पावणेपाचशे किलोमीटरचा रस्ता, देवदारांचं रान, झिझ नदीची घळ, खाली खजुराचा हिरवा पट्टा, सगळं झोपेत जाणार. आम्ही निदान काचेतून तरी पाहिलं.

आता मेंढरांचं.

फेझच्या जुन्या शहरात, म्हणजे फेझ एल-बालीत, गाडी शिरत नाही. सगळी वाहतूक माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून. मागून ‘बालाक, बालाक’ अशी हाळी आली की भिंतीला चिकटायचं, नाहीतर गॅसच्या सिलिंडरांनी लादलेलं खेचर तुम्हाला चिकटवतं. गल्ल्यांवर जागोजाग छप्पर, त्यामुळे मोबाइलवरचा तो निळा ठिपका बावचळतो. आमच्यातले दोघं आयटीवाले पहिल्याच सकाळी ‘आम्ही नकाशावरून येतो’ म्हणून मागे राहिले आणि चाळीस मिनिटांनी एका शाळकरी पोरामागून, वीस दिरहम मोजून आले. त्याआधी दुसऱ्या एकानं त्यांना ‘पुढे रस्ता बंद आहे, इकडून या’ म्हणून भलतीकडे फिरवून आणलं होतं. पंचवटीत रिक्षातून उतरलेल्या परगावच्या माणसाचं काय होतं ते आपण नाशिककर रोज बघतो. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, सगळं दाखवतो साहेब, बसा. तिथं आम्ही ते परगावचे होतो.

पण गाइडचा उपयोग रस्ता न चुकण्यापुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. सफारीन नावाचा एक छोटा चौक आहे, तांबटांचा. चौकात पोचायच्या आधी आवाज येतो. एक हातोडा सुरू होतो, दुसरा त्याच्या मधल्या जागेत पडतो, तिसरा सावकाश, जड. मी जुन्या नाशकात वाढलेला माणूस. तांबट लेनमधून शाळेत जायचो. तो ठोका कानावर पडल्यावर पाय आपोआप थांबले. एक म्हातारा मांडीत कढई घेऊन मठारत, म्हणजे हातोड्यानं ठोकत, बसला होता, अगदी आपल्याकडे हंड्याला मठार काढतात तसा, एकापुढे एक खवला. गाइडनं माझ्याकडे पाहिलं आणि बाकीच्यांना चहाला बसवलं. म्हाताऱ्याला काय सांगायचं ते मी गाइडला खुणेनं सांगितलं, गाइडनं ते त्याला सांगितलं. मग पंधरा मिनिटं आम्ही तिघं एकमेकांना हातोड्याचे प्रकार दाखवत होतो. तुम्ही एकटे गेला असतात तर हे झालं नसतं असं मी म्हणत नाही. मी एकटा गेलो असतो तर झालं नसतं, एवढंच.

तीच गोष्ट कांद्याची. मेकनेस-इफ्रानचा तो पट्टा द्राक्षांचा आणि कांद्याचा. (वाइनसाठीही मेकनेसचंच नाव घेतात. नाशिककराला परदेशात जाऊन घरीच आल्यासारखं वाटायला आणखी काय हवं!) रस्त्याकडेच्या शेतात लांबच लांब ढीग, बाजूनं दगडांची रांग, वर पेंढा आणि प्लॅस्टिक. आमच्यात पिंपळगावचे एक शेतकरी होते. त्यांनी सीटवरून उठून "अहो, थांबवा, कांदा आहे!" अशी आरोळी ठोकली. टूर मॅनेजर म्हणाला, कार्यक्रमात नाही. स्थानिक गाइड म्हणाला, दहा मिनिटं. पावणेतास गेला. पिंपळगावकरांनी ढिगातला एक कांदा उचलून त्याची मान दाबून पाहिली, वाळलेली होती, मग सालीचे पदर मोजले आणि आपल्याकडे चाळीत खालून वारा कसा खेळवतात ते हातवारे करून सांगितलं. समोरचा शेतकरी ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, सगळे एकदम माल काढतात तेव्हा भाव बसतो, तुमच्याकडे काय करता? गाइडनं भाषांतर केल्यावर बसमध्ये जे हसू फुटलं ते लासलगावपर्यंत ऐकू गेलं असेल.

अजून एक, मग वाळवंट. एरफूदच्या बाजूला उजाड माळावर मातीच्या उंचवट्यांची एक सरळ रांग दिसते, प्रत्येकाच्या डोक्यावर भोक. मला आधी वारुळं वाटली. त्या खेत्तारा. डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालून, नुसत्या उतारावर, मैलोगणती लांब गावापर्यंत आणायचे बोगदे. आणि ते उंचवटे म्हणजे खोदाई-सफाईसाठी ठेवलेल्या विहिरींच्या तोंडाशी साठलेली माती. बोगद्यात पाणी झाकलेलं, म्हणून उन्हात उडत नाही. एका ठिकाणी पायऱ्या उतरून खाली गेलो. वर चाळीस डिग्री, खाली माठातल्यासारखा गारवा. मलिक अंबरची औरंगाबादची नहर याच जातीची. हे मला फलक वाचून कळलं नाही, फलकच नव्हता. काचेतून पाहणारा माणूस गाडीतून उतरला तो कुणीतरी ‘उतरा’ म्हटलं म्हणून.

आता तुमचा इब्न बतूता. हा दाखला तुम्ही दिलात याचा मला फार आनंद झाला.

तांजीरहून तो १३२५ साली निघाला तेव्हा एकटाच होता, वय एकवीस. पण ट्यूनिसहून पुढे तो हजच्या काफिल्यात सामील झाला, आणि त्यानंतर जिथं जिथं रस्ता अवघड तिथं तिथं तो कुणाच्या तरी सोबतीनंच दिसतो. दिल्लीला आला, आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. आणि १३५२ साली सहारा ओलांडायला निघाला तो सिजिलमासाहून, व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर. सिजिलमासा म्हणजे आजच्या रिसानीजवळचं ते पडझडीत उरलेलं मातीचं शहर, मर्झुग्यापासून तासाभराच्या आत. पंचवीस दिवसांनी ते तगाझा या मिठाच्या खाणींच्या गावाला पोचले, जिथं घरं मिठाच्या ठोकळ्यांची आणि छपरं उंटाच्या कातड्याची. तिथून पुढच्या निर्जळ पट्ट्यासाठी काफिल्यानं ‘तकशीफ’ ठेवला, म्हणजे वाटाड्या. तो पुढे एकटा जाऊन वाळवंटापलीकडच्या वलाता गावच्या लोकांना वर्दी देणार, मग ते चार दिवसांच्या वाटेवर पाणी घेऊन सामोरे येणार. तो वाटेत मेला तर काफिला संपला. त्याची मजुरी ठरली शंभर मिस्काल (तेव्हाचं वजनाचं माप) सोनं. आणि गंमत ही की तो माणूस एका डोळ्यानं आंधळा होता, दुसरा डोळाही अधू, तरी वाट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, असं बतूतानंच सांगून ठेवलंय. तेव्हा बुकिंग केलं होतं का, याचं उत्तर : हो, केलं होतं. आणि चांगलंच महाग पडलं होतं.

आपल्याकडे तरी काय? त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, दिंडीला क्रम असतो, मुक्काम ठरलेले असतात, चोपदार दंड उंचावतो तेव्हा थांबायचं असतं. त्या माणसांना मेंढरं म्हणायची तुमची तयारी आहे का?

तंबूचं मान्य. कमोड होता. गालिचे होते, रात्री जनरेटर होता, आणि शेजारच्या छावणीत कुणीतरी हिंदी गाणी लावली ती आमच्यासाठीच, हे कळल्यावर तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. एर्ग शेब्बी, म्हणजे मर्झुग्याच्या त्या वाळूच्या टेकड्या, हा सगळ्या सहारातला एक लहानसा तुकडा, रुंदी जेमतेम पाच-सात किलोमीटर, हेही खरं. सहाराचा बहुतेक भाग तर वाळूचा नाहीच, दगडगोट्यांचा आहे, आणि तो आम्हाला बसमधूनच अर्धा दिवस दिसला. फोटो मात्र कुणी काढला नाही. पण पहाटे टेकडी चढलो ते नाटक नव्हतं. उंटवाला वाऱ्याकडच्या अंगानं, धारेवरून चालला होता. तिकडची वाळू दाबून बसलेली असते, पाय टिकतो. आमच्यातला एक तरुण ‘सरळ वरच जातो’ म्हणून आडोशाच्या बाजूनं चढायला लागला. तिकडची वाळू नुसती ओतलेली. दोन पावलं वर, दीड पाऊल खाली. शेवटी बिचारा चार पायांवर आला. आमची ही, बदललेल्या गुडघ्यानिशी, उंटवाल्याच्या पावलांत पाऊल टाकत त्याच्याआधी वर पोचली. ते तुम्हाला सांगायचंच असा तिचा निरोप आहे.

त्यानंतरचे दिवस मी मूळ लेखात उरकलेत तसेच इथंही उरकतो. तोद्राची घळ, ऐत बेनहद्दूची मातीची गढी (बाहेरून भव्य, आत शिरल्यावर मला आजोळच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीचा वास आला आणि बाकी काही ऐकू आलं नाही), २२६० मीटरवरची तिझी न तिश्का खिंड. कळसूबाई १६४६. खिंडीत पोटात ढवळलं नाही असे आमच्यात मोजून सहा जण होते, कसारा घाटाचा सराव असूनही.

राहिला तुमचा एक आक्षेप, दुकानदारीचा. इथं मी हात जोडतो. तुम्ही बरोबर आहात.

फेझमध्ये कातडी कमावण्याचे ते रंगीत हौद दाखवून झाल्यावर आम्हाला एका गालिच्याच्या दुकानात नेलं. (हौदांपाशी हातात पुदिन्याची जुडी देतात, नाकाशी धरायला, कारण चुना आणि कबुतरांची विष्ठा यांत कातडी मुरत असतात.) उंचावरून ओतलेला पुदिन्याचा चहा, मग एकामागून एक उलगडलेले गालिचे. एक तास पन्नास मिनिटं. मी घड्याळ पाहत होतो. त्यानंतर चौदाव्या शतकातल्या बू इनानिया मदरशाला मिळाली वीस मिनिटं. तिथलं देवदाराचं कोरीवकाम मान वर करून पाहतोय तोवर झेंडा दाराबाहेर. पुढे माराकेशला अर्गन तेलाचं (तिकडच्या एका झाडाच्या बियांचं) दुकान, तोच खेळ. बसमध्ये मी टूर मॅनेजरला सरळ विचारलं, यात कमिशन असतं का? तो म्हणाला, "काका, एन्जॉय करा." स्थानिक गाइडला विचारलं तर तो निदान हसला आणि म्हणाला, रोजावर माझं घर चालत नाही. म्हणजे कंपनी आपल्याला दर कमी सांगते, गाइडला रोज कमी देते आणि उरलेलं आपल्याकडून दुकानात वसूल होतं. त्यासाठी वेळ कापला जातो तो मदरशाचा. बतूताच्या वाटाड्याला पैसे काफिल्यानं दिले होते, मिठाच्या व्यापाऱ्यानं नव्हे. फरक असलाच तर तो इथं आहे, आणि तो मूळ लेखात यायला हवा होता.

का आला नाही? कंपनीनं मला एक रुपयाही दिलेला नाही, हवं तर पावती दाखवतो. खरं कारण असं की त्या दुकानात मी ४,८०० दिरहमचा गालिचा घेतला. आपले चाळीस हजारांच्या वर. चार दिवसांनी रिसानीच्या बाजारात तसाच एक, निम्म्याहून कमी भावात टांगलेला पाहिला आणि तोंड मिटून घेतलं, ते लेख लिहितानाही उघडलं नाही. सध्या तो दिवाणखान्यात टीपॉयखाली असतो. आमची ही त्याला ‘चाळीस हजारांची सतरंजी’ म्हणते आणि पाहुण्यांना पाय पुसूनच त्यावर जायला लावते.

मूळ लेखात काल दुकानांचा परिच्छेद घातला आहे, वेळ आणि भाव दोन्हींसकट. पुढच्या वेळी कंपनी ठरवताना मी कुठल्या दुकानात किती वेळ, हे आधी लेखी मागणार आहे. देत नसतील तर तुमची रात्रीची बस आहेच.

तुम्ही मार्चमध्ये एकटे निघताय असं लिहिलंत. मग एक काम करा. फेझच्या त्या दुकानात जा. हौदांवरून उतरल्यावर डावीकडे, हिरवं दार. माझ्या गालिच्याचा फोटो पाठवतो, तसल्याचा खरा भाव काढून या. आकडा मला कळवू नका. हिला तर मुळीच नको.