काका, यंदा बर्फ किती पडला ते नका सांगू

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर अण्णाकाकांनी केदारनाथचा फोटो टाकला, देवळाभोवती कमरेएवढा बर्फ, आणि खाली "ग्लेशियर वितळतायत म्हणे! सगळं युरोपवाल्यांचं थोतांड." त्याला अकरा अंगठे, त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा. भांडी घासायची टाकून मी पाऊण तास उत्तर टाइप केलं आणि पाठवलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

अहो काका, तुम्ही कराडचे. कोयनेवर पाऊस किती झाला एवढ्यावरून तुम्ही धरण भरलं म्हणता का? किती टीएमसी आलं, किती सोडलं, हे तुम्हीच चहाबरोबर वाचून दाखवायचात ना? ग्लेशियरचंही तेच. इथे स्वित्झर्लंडमध्ये माणसं एप्रिल-मेमध्ये वर जाऊन साठलेला बर्फ मोजतात, सप्टेंबरअखेर परत जाऊन बर्फात रोवलेल्या काठ्या किती उघड्या पडल्या ते बघतात, तेव्हा कुठे वर्षाचा हिशेब लागतो. 2024 चंच घ्या, हिवाळ्यात सरासरीपेक्षा 30 टक्के जास्त बर्फ, ऑफिसात स्कीवाले सगळे खुश, आणि तरी वर्षाअखेर स्विस ग्लेशियर्सचा अडीच टक्के बर्फ गेला, कारण जुलै-ऑगस्टचा उकाडा आणि वर सहाराची धूळ येऊन बसलेली. मळका बर्फ ऊन जास्त पितो. त्याआधीच्या 2022 आणि 2023 मध्ये मिळून तर दहा टक्के गेला होता.

आता 2035 चं. हिमालयातले ग्लेशियर तोवर संपतील असं आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, 2007 च्या अहवालात होतं, ते चूक निघालं, 2010 मध्ये त्यांनी तसं कबूलही केलं. काका हे दर वेळी काढतात आणि मी दर वेळी विषय बदलतो. आल्प्सवरून हिमालय सांगणंही तसं माझ्या सोयीचंच आहे म्हणा, तिथलं गणित वेगळं, कारण मध्य आणि पूर्व हिमालयात ग्लेशियरवर बर्फ पडतो तोच मुळी पावसाळ्यात, म्हणजे जमा आणि खर्च एकाच मोसमात, आणि हवा जरा तापली की बर्फाच्या जागी पाऊस, दोन्हीकडून मार. काराकोरममधले काही ग्लेशियर तर बरीच वर्षं टिकून होते. भांडताना हे मी सांगत नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये आईबाबांना फुर्का पासला र्‍होन ग्लेशियर दाखवायला नेलं. बर्फाच्या गुहेवर, ती वितळू नये म्हणून, पांढरी कापडं अंथरलेली, कडा काळ्या, जागोजागी फाटलेली, खालून पाण्याची धार. आई म्हणाली, "मांडव उतरवून टाकल्यासारखं दिसतंय रे." बाबांनी तिकिटाचे रुपये करून बघितले. आणि मी कारण नसताना ओशाळलो, पाहुणे आले आणि घर आवरलेलं नाही तसं. "आधी पार तिथपर्यंत होता," असं खालच्या तळ्याकडे बोट दाखवून सांगत होतो, जणू आमच्या आजोबांचं शेत.

खरं सांगायचं तर हिमालय मी पाहिलेलाच नाही. पहिला बर्फ पाहिला तो झुरिकला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. ऑफिसात जेवताना कुणी हिमालयाचं विचारलं की मी तासभर बोलतो. काका 1994 मध्ये गोमुखापर्यंत, गंगोत्री ग्लेशियरच्या तोंडाशी, चालत गेलेत.

मे 2025 मध्ये इथलं बिर्च ग्लेशियर कोसळून ब्लाटन गाव गाडलं गेलं, लोकांना आधीच हलवलं होतं म्हणून बरं, तेव्हा पहिला फोन काकांचाच. "तुमच्याकडचे डोंगर पडतायत की रे, तू लांब आहेस ना?" लांब आहे म्हटलं. "तुमच्याकडचे" हे मात्र लागलं.

काल मीच फोन केला, गोमुखाचा तो जुना फोटो पाठवा, आत्ताच्याशी लावून बघू. अल्बम माळ्यावर आहे म्हणाले, "माझे गुडघे गेले, गणपतीला येशील तेव्हा तूच चढ आणि काढ."

दोहामार्गे तिकिटं बघतोय.