सॅलडच तर करायचंय!

"आज फार काही नको, नुसतं सॅलड करू," असं जो म्हणतो तो पुढचा तासभर स्वयंपाकघराकडे फिरकत नाही, असं माझं निरीक्षण आहे. काकडी-टोमॅटो चिरून वर मीठ भुरभुरवण्याला मी सॅलड म्हणत नाहीये. जे खाल्ल्यावर जेवण झालं असं पोटालाही पटतं, तासाभरात फ्रीजचं दार पुन्हा उघडावंसं वाटत नाही, ते सॅलड. वर भाजलेलं चिकन, मधे आंबा आणि अननस, खाली कुरकुरीत पानं. फोटोत हे सगळं आपोआप वाडग्यात येऊन पडल्यासारखं दिसतं.

रश्श्याचं एक बरं असतं. कांदा जाड चिरला गेला, चिकन जरा जास्त शिजलं, तरी रस्सा सगळं पोटात घालतो. सॅलड काहीही पोटात घालत नाही. प्रत्येक चूक वेगळी दिसते, वेगळी चावावी लागते आणि तिच्यावर स्वतंत्र शेरा मिळतो.

चौघांसाठी सामान असं: 600 ग्रॅम बोनलेस चिकन, 250 ग्रॅम लेट्यूस किंवा मिश्र पानं, एक मोठा आंबा, अर्धा अननस, एक काकडी, एक ढोबळी मिरची, एक लहान कांदा, मूठभर पुदिना-कोथिंबीर आणि 50 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे किंवा काजू. यादी साधी आहे. अडचण एवढीच, की यातल्या कुणाचं कुणाशी पटत नाही. गरम चिकन पानांना कोमेजवतं, पानांवरचं पाणी तेलाला टिकू देत नाही, काकडी सगळ्यांच्या अंगावर पाणी सोडते. लग्नात एकमेकांशी न बोलणाऱ्या नातेवाइकांना एकाच पंगतीत बसवावं, तसं हे काम आहे.

त्यातलं सगळ्यात जुनं वैर अननस आणि चिकनचं. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं आणि प्रथिनं तोडणं हा त्याचा एकमेव उद्योग. "चिकन रात्रभर अननसाच्या रसात मुरवा, लोण्यासारखं मऊ होईल," असा सल्ला कुणी दिला तर त्यातला "लोण्यासारखं" हा भाग शब्दशः घ्या. सकाळी हाती येतो तो लगदा. तो ग्रिलवर ठेवता येतो, उचलता येत नाही. ताजा रस वापरायचाच असेल तर अर्ध्या तासाच्या वर नको. पपईतलं पपेन आणि किवीतलं अ‍ॅक्टिनिडिन हे याच कुळातले, आणि कच्ची पपई तर त्यात फारच कर्तबगार. आंबा त्या मानाने सज्जन. ताजा अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यातही ब्रोमेलेनचा हात असतो. म्हणजे आपण त्याला खात असताना तोही आपल्याला चाखत असतो. सुमारे 70 अंश सेल्सिअसच्या पुढे हे एन्झाइम गार पडतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून तो निरुपद्रवी. चवीलाही तितकाच निरुपद्रवी, हे माझं वैयक्तिक मत.

आता चिकन. ब्रेस्टचा तुकडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतो. तसाच ग्रिलवर टाकला तर पातळ टोकाचं खोडरबर होतं, तेव्हा कुठे जाड टोक शिजायचा विचार करायला लागतं. म्हणून दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकायचं आणि सगळीकडे दोन सेंटिमीटर जाडी करायची. दिवस कटकटीचा गेला असेल तर ही पायरी फार समाधान देते. धुऊ मात्र नका. नळाखाली धरलेल्या चिकनचे शिंतोडे ओटाभर उडतात आणि जंतू तिथेच मुक्कामाला राहतात. त्यांना मारायला आच पुरेशी आहे. नुसतं टिश्यूने कोरडं करा.

मीठ 600 ग्रॅमला सपाट एक लहान चमचा, आणि ते लावायची वेळ ही खरी मेख. मीठ लावलं की चिकन आधी पाणी सोडतं आणि मग तेच पाणी मिठासकट हळूहळू परत आत घेतं. पंधरा-वीस मिनिटांनी ते नेमकं ओलंगच्च असतं, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच ते ग्रिलवर टाकतात. ओलं चिकन आधी स्वतःच्या वाफेत शिजतं, रंग पकडत नाही. म्हणून मीठ एकतर भाजायच्या अगदी क्षणभर आधी लावा, नाहीतर किमान पाऊण तास आधी. त्यासोबत एक मोठा चमचा तेल, ठेचलेला लसूण, मिरपूड, लिंबाची किसलेली साल. लिंबाचा रस आत्ता नको. तासन्‌तास आंबटात राहिलं की चिकन बाहेरून खडूसारखं होतं. मधही नको. मधातली साखर चिकन शिजायच्या कितीतरी आधी करपते आणि मग बाहेरून कोळसा, आतून गुलाबी असा दुरंगी प्रकार ताटात येतो. मधाचा हात फिरवायचाच तर शेवटच्या मिनिटाला.

ग्रिल पॅन चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत नाहीसा झाला पाहिजे. तेल चिकनला, पॅनला नाही. रिकाम्या पॅनवरचं तेल नुसता धूर करतं. तुकडा ठेवला की हात मागे. इथे भल्याभल्यांचा संयम सुटतो. अर्ध्या मिनिटाने कडा उचलून बघायची, एका मिनिटाने जागा बदलायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उलथन्याने दाबून 'चर्र' असा आवाज काढायचा. तो आवाज ऐकून करणाऱ्याला आपण मोठे बल्लवाचार्य असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो चिकनचा रस जळतानाचा आवाज असतो. तुकडा पॅनला चिकटलाय याचा अर्थ त्याची अजून यायची तयारी नाही. खालून खरपूस झाला की तो आपण होऊन सुटतो. दोन सेंटिमीटरला एका बाजूला चार ते पाच मिनिटं, दुसऱ्या बाजूला तेवढीच किंवा जरा कमी.

शिजलंय की नाही हे बोटाने दाबून ओळखणारी माणसं असतात. त्यांना नमस्कार करावा आणि थर्मामीटर घ्यावा. टोक बाजूने, सर्वांत जाड भागाच्या मधोमध. ब्रेस्टला 74 अंश. थायला, म्हणजे मांडीच्या तुकड्याला, 80 पर्यंत जाऊ दिलं तर उलट बरं, कारण त्यातले चिवट धागे तिथे सैल पडतात. थर्मामीटर नसेल आणि ब्रेस्ट कोरडं पडायची धास्ती असेल तर सरळ थाय घ्या; ते दोन-चार मिनिटांच्या चुका मनावर घेत नाही. उतरवलेलं चिकन स्वच्छ ताटलीत ठेवा. कच्चं ज्या ताटलीत होतं तिच्यात परत ठेवलंत तर सगळ्या खटाटोपावर पाणी पडतं. मग आठ ते दहा मिनिटं कुणीही हात लावायचा नाही. लगेच कापलं की रस पाटावर वाहतो. ताटलीत साठलेला रस फेकू नका, तो ड्रेसिंगमध्ये, म्हणजे वरून घालायच्या तेल-लिंबाच्या मिश्रणात, जायचा आहे.

त्या दहा मिनिटांत त्याच तापलेल्या पॅनवर अननस. दीड सेंटिमीटरच्या चकत्या, मधला दांडा काढलेल्या, टिश्यूने टिपलेल्या. दर बाजूला दोन-तीन मिनिटं. उलट क्रमाने केलंत तर अननसाची साखर पॅनवर जळून बसते आणि चिकनला काळे पट्टे येतात, पण ते ग्रिलचे नसतात. अननस विकत घेतानाच गोड घ्यावा लागतो, कारण काढल्यानंतर तो आणखी गोड होत नाही. आठवडाभर ओट्यावर ठेवून वाट पाहिली तरी तो फक्त म्हातारा होतो. हातात जड लागणारा, बुडाशी वास येणारा उचला.

आंब्याचं उलटं. तो घरी पिकतो, पण सॅलडसाठी पूर्ण पिकेपर्यंत थांबायचं नाही. देठाजवळ दाबल्यावर जेमतेम दबणारा हवा. पिकून मऊ झालेला आंबा मिसळताना फुटतो आणि सॅलडचं शिकरण होतं. बाठ्याच्या दोन्ही बाजूंच्या फाका काढून, साल न कापता आत उभ्या-आडव्या चिरा देऊन, दोन सेंटिमीटरचे चौकोन करावेत. बाठा कुणाचा हा प्रश्न चर्चेला ठेवू नये. तो करणाऱ्याचा.

पानांचं काम सर्वांत कंटाळवाणं, म्हणून सर्वांत जास्त टाळलं जातं. मोठ्या भांड्यात गार पाण्यात बुडवा, हलवा आणि पानं वर उचलून घ्या. भांडं चाळणीत उपडं केलंत तर खाली बसलेली माती परत पानांवर येते. मरगळलेली पानं बर्फाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवली की पुन्हा ताठ होतात. मग कोरडी करा. कोरडी म्हणजे कोरडी. ओल्या पानावर तेल बसतच नाही, ड्रेसिंग घसरून वाडग्याच्या तळाशी जातं आणि शेवटचा घास घेणाऱ्याला ते सगळं एकदम मिळतं. पानं गरगर फिरवून सुकवणारा स्पिनर नसेल तर सुती कापडात पुरचुंडी बांधून हवेत गरागरा फिरवा. कुणी पाहिलंच तर स्पष्टीकरण तयार ठेवा.

काकडीच्या बिया चमच्याने खरवडून काढा. कांद्याचे पातळ काप दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा, तिखटपणा उतरतो. ढोबळी मिरची काही त्रास देत नाही.

ड्रेसिंगला एरवी तीन भाग तेल, एक भाग आंबट असं धरतात. इथे फळं गोड आहेत, म्हणून दोनास एक: चार मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक लहान चमचा मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट), अर्धा लहान चमचा मीठ, किसलेला लसूण, बारीक चिरलेली मिरची, आणि चिकनचा तो जपून ठेवलेला रस. बाटलीत घालून जोरात हलवा. मस्टर्डमुळे तेल आणि लिंबू काही वेळ एकत्र नांदतात. त्याशिवाय ते मिनिटभरात वेगळे राहायला जातात. चव बोटाने किंवा चमच्याने नाही, एक पान बुडवून बघा. नुसतं ड्रेसिंग आंबट-खारटच लागायला हवं.

आणि आता खरी परीक्षा, म्हणजे खाणाऱ्यांना बोलावणं. ड्रेसिंग लागल्यापासून पानांची घटका भरत आलेली असते. तेल पानावरच्या मेणचट थरातून आत शिरतं आणि बघता बघता पान मान टाकतं. घरातल्या माणसांचं "आलोच" हे दहा मिनिटांपासून पुढे कितीही लांबू शकतं. म्हणून माझा नियम कडक आहे: सगळे बसलेले दिसल्याशिवाय बाटली उघडायची नाही. मग पसरट वाडग्यात पानं, पुदिना, कोथिंबीर, भाज्या आणि अर्धं ड्रेसिंग, हाताने हलकेच खालीवर. त्यावर धाग्यांना आडवं कापलेलं, कोमट चिकन; वाफा येत असतील तर थांबा. मग फळं, उरलेल्या ड्रेसिंगमधलं लागेल तेवढं, आणि सगळ्यात शेवटी शेंगदाणे. ते आधी घातले तर भिजून मऊ पडतात.

"यात पोटभर काय आहे?" असं विचारणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याच्या वाट्याला 150 ग्रॅम चिकन, म्हणजे तीसेक ग्रॅम प्रथिनं आलेली असतात, पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. वाटीभर उकडलेले छोले आधीच मिसळून टाका, तो गप्प बसतो.

उरलंच तर चिकन एका डब्यात, अननस दुसऱ्या डब्यात. भाजलेल्या अननसाच्या पोटातही थोडं ब्रोमेलेन शाबूत असू शकतं आणि फ्रीजमध्येही ते कामाला सुट्टी घेत नाही. ड्रेसिंग लागलेली पानं मात्र ठेवू नका. दोन दिवस फ्रीजमध्ये जपून तिसऱ्या दिवशी टाकून द्यायची, त्यापेक्षा आजच टाका. एक डबा तरी घासायचा वाचेल.