म्हणे, पूर्वी कुणी मोजत नव्हतं!

सायन्स फिक्शन मालिकांबद्दलचा एक मजकूर गेली काही वर्षं इकडून तिकडे फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. पूर्वीच्या मालिकांत माणसं फक्त माणसं होती, कोण कुठल्या देशाचा नि वंशाचा हे कुणी मोजत नव्हतं. त्यांत राजकारण नव्हतं. भविष्यात हे भेद उरणारच नाहीत, मग ते दाखवता कशाला? अंतराळात माणूस गुणवत्तेवर जातो. हल्ली यादीवर खुणा करत पात्रं भरतात, म्हणून ती पोकळ निघतात. आणि शेवटी ठरलेली पुस्ती: नवी पात्रं हवी तेवढी आणा, जुन्यांना हात लावू नका. लिहिणाऱ्याचं या मालिकांवर प्रेम आहे, यात शंका नाही. पण त्या त्याने अलीकडे पाहिलेल्या दिसत नाहीत.

'मोजत नव्हतं' इथूनच सुरुवात करू. 8 सप्टेंबर 1966 ला अमेरिकेत 'स्टार ट्रेक' सुरू झाली. यानाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, आफ्रिकन वंशाची उहुरा, आशियाई सुलू, खाली इंजिनांपाशी स्कॉटिश स्कॉटी. हे आपोआप झालं असं वाटतं का? सुलू हे नाव आशियातल्या कुठल्याही एका देशाला चिकटू नये म्हणून फिलिपिन्सजवळच्या सुलू समुद्रावरून घेतलं. ती भूमिका करणारा जॉर्ज ताकेई लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, केवळ जपानी वंशाचा म्हणून आईवडिलांसह अमेरिकन सरकारच्या छावणीत डांबला गेला होता. युद्ध संपून पुरती 21 वर्षंच झाली होती. त्याला यानाच्या सुकाणूवर बसवणाऱ्यांनी मोजमाप केलं नसेल, हे मला तरी पटत नाही.

पुढच्या वर्षी रशियन चेकॉव्ह आला. 'प्रावदा' या सोव्हिएत वृत्तपत्राने तक्रार केली म्हणून त्याला घेतलं, ही कथा प्रसिद्धीसाठी पिकवलेली असावी. निर्मात्यांना तरुण प्रेक्षक ओढायला 'मंकीज' या पॉप बँडमधल्या डेव्ही जोन्ससारखा पोरगा हवा होता, हे मात्र खरं. म्हणजे मोजदाद होतीच, वयाचीसुद्धा! आणि त्याचं रशियनपण कशासाठी वापरलं? बहुतेक वेळा विनोदासाठी. स्कॉच व्हिस्की लेनिनग्राडच्या एका म्हातारीने शोधली, असं तो स्कॉटीलाच ऐकवतो. (तेविसाव्या शतकातही लेनिनग्राड! प्रत्यक्षात ते नाव त्यानंतर पंचवीस वर्षंसुद्धा टिकलं नाही, 1991 मध्येच गेलं.)

सप्टेंबर 1966 मधलंच दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. 'स्टार ट्रेक'नंतर नऊच दिवसांनी, 17 सप्टेंबरला, पश्चिम जर्मनीत 'राउमपाट्रुली ओरायन' सुरू झाली. राष्ट्रं संपली, आता फक्त मानवजात उरली, असं तिची प्रस्तावनाच सांगते. यानावरची नावं ऐका: मॅक्लेन, मारिओ दे मोंती, हासो सिगब्योर्नसन, हेल्गा लेग्रेल, तमारा यागेलोव्स्क, अतान शुबाशी. नावांत निम्मं जग आलं. चेहरे मात्र सगळे गोरे युरोपीय. शुबाशीचं काम करणारा बेकहाउस हा जर्मन नट. देश-वंश इथेही मोजलेच होते, फक्त कागदावर. 'तेव्हा माणसं फक्त माणसं होती' ही आठवण बहुधा अशाच मालिकांची असते, जिथे 'माणूस' म्हटलं की एकाच रंगाचा चेहरा समोर येई आणि तो मोजावा लागत नसे.

राजकारण नव्हतं म्हणतात, त्यांनी 'स्टार ट्रेक'चा 10 जानेवारी 1969 चा भाग काढून बघावा. एका ग्रहावरचे दोन शत्रू यानावर येतात. दोघांचेही चेहरे मधोमध विभागलेले, अर्धे काळे, अर्धे पांढरे. यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांना दोघं सारखेच दिसतात. मग त्यांच्यातला बील चिडून फोड करून सांगतो, की मी उजवीकडून काळा आहे, तो उजवीकडून पांढरा! शेवटी कळतं की याच भांडणात त्यांचा अख्खा ग्रह मरून गेलाय, तरी दोघं एकमेकांच्या मागे धावतच राहतात. हा भाग फार बटबटीत आहे, मला तो आवडतही नाही. पण यात राजकारण नाही असं म्हणायला डोळे मिटूनच बसावं लागेल.

कर्क-उहुराच्या चुंबनाचंही तसंच. 22 नोव्हेंबर 1968 ला ते दिसलं. आंतरवंशीय लग्नांना बंदी घालणारे राज्यांचे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 1967 मध्येच रद्द केले होते. गोष्टीत हे दोघं स्वतःहून जवळ येत नाहीत, परग्रहावरचे लोक मनःशक्तीने त्यांना भाग पाडतात. सोयीची पळवाट होती ती. 1998 मध्ये 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या मालिकेने अशी पळवाट घेतली नाही. तिचा कृष्णवर्णीय नायक कॅप्टन सिस्को एका भागात 1953 च्या न्यूयॉर्कमधला विज्ञानकथा लेखक बेनी रसेल होतो. त्याच्या कथेचा नायक अंतराळ स्थानकाचा कृष्णवर्णीय प्रमुख आहे, म्हणून संपादक ती छापायला तयार नाही. सगळं स्वप्न होतं असं शेवटी दाखव, मग बघू, अशी तडजोड निघते. बेनी तीही मान्य करतो. तरी प्रकाशक तो अख्खा अंक रद्दीत घालतो आणि बेनीची नोकरी जाते. सिस्को झालेल्या एव्हरी ब्रुक्सनेच तो भाग दिग्दर्शित केला होता. 'गोष्ट आधी, वंश नंतर' म्हणणाऱ्यांनी यातून वंश काढून गोष्ट सांगून दाखवावी.

भविष्यात भेद उरणार नाहीत, हा मुद्दा तेवढा विचार करण्यासारखा आहे. 'स्टार ट्रेक'ची आशा तीच होती. पण भेद मिटणं वेगळं आणि सगळे एकाच साच्याचे होणं वेगळं. 'एक्स्पान्स' या मालिकेत पृथ्वीवरचे जुने वंशभेद जवळपास निष्प्रभ झालेत, पण पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा यांच्यात नवी भिंत उभी राहिली आहे. पट्ट्यातले लोक कमी गुरुत्वात वाढलेले. त्यांची स्वतःची मिश्र बोली आहे आणि भाषातज्ज्ञ निक फार्मरकडून ती खास घडवून घेतली होती. भारतीय वंशाचा ॲलेक्स कमाल मंगळावर जन्मला आणि बोलतो टेक्साससारखं हेल काढून, कारण त्याच्या दरीत भारतीय, चिनी आणि टेक्सन एकत्र वसले. एवढ्या एका हेलात दोनशे-तीनशे वर्षांचं स्थलांतर दिसतं. साडी नेसून संयुक्त राष्ट्रांत शिवराळ राजकारण करणारी अवसरला कुणाला 'आपल्या देशाची प्रतिनिधी' वाटते का? ती आधी पृथ्वीची राजकारणी आहे, तिच्या अंगावरची साडी ही तिची रोजची नेसण.

याच्या उलट 'फायरफ्लाय', 2002. चीन आणि अमेरिका या दोन महासत्ता एक होऊन त्यांची संस्कृती ताऱ्यांपर्यंत पोचली, हा मालिकेचा पाया. पात्रं रागावली की चिनी भाषेत शिव्या देतात, फलकांवर चिनी अक्षरं दिसतात. आणि नऊ मुख्य पात्रांत चिनी वंशाचा नट एकही नाही. भाषा राहिली, माणसं कुठे गेली? भेद मिटल्याचं चित्र असं काढायचं असेल तर ते मिटले कुणाचे, हे विचारायला नको का?

गुणवत्तेचा मुद्दा प्रत्यक्ष अंतराळातच निकालात निघतो. सोव्हिएत संघाच्या इंटरकॉसमॉस कार्यक्रमातून 1978 मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा रेमेक गेला, 1980 मध्ये क्युबाचा तामायो मेंदेस, 1984 मध्ये राकेश शर्मा. मित्रदेश आधी ठरले, मग त्या देशांनी आपापले उत्तम वैमानिक निवडले. जून 2025 च्या ॲक्सिअम-4 मोहिमेत अमेरिकेची पेगी व्हिटसन, भारताचे शुभांशू शुक्ला, पोलंड आणि हंगेरीचा एकेक जण. मालिकेत हा क्रू दिसला असता तर 'कसली जमवाजमव ही!' अशा प्रतिक्रिया आल्या असत्या.

'पोकळ पात्रं' ही तक्रार मात्र मला अर्धी मान्य आहे. 'स्टार ट्रेक'च्या 'व्हॉयेजर' या मालिकेतला चाकोटे बघा. अमेरिकेच्या मूळनिवासी वंशाचा पहिला मोठा अधिकारी म्हणून त्याचा केवढा गाजावाजा झाला होता. पण त्याची जमात कुठली, हेच बराच काळ नक्की नव्हतं. 1995 च्या एका भागात तो कॅप्टन जेनवेला त्याची पवित्र पुरचुंडी उघडून दाखवतो. आत एका पक्ष्याचा पंख, नदीतला दगड आणि एक यंत्र, ज्यावर हात ठेवला की आपला मार्गदर्शक प्राणी दिसतो. कुठल्याही जमातीचं चालेल, असं सगळं गोळा केलेलं. निर्मात्यांनी सल्लागार नेमला होता जमाके हायवॉटर याला. त्याचा मूळनिवासी वंशाचा दावा खोटा असल्याचं 1984 मध्येच उघडकीला आलं होतं, तरीही!

पण यातून 'असं पात्र घेऊच नका' हे कसं निघतं? चूक माणूस घेण्यात नव्हती, त्याच्याविषयी काही जाणून न घेण्यात होती. 'डॉक्टर हू' या कालप्रवासाच्या ब्रिटिश मालिकेने 2018 मध्ये फाळणीवर भाग केला, तो विनय पटेल यांनी लिहिला. ऑगस्ट 1947, पंजाब. मुसलमान उमब्रीन आणि हिंदू प्रेम यांचं लग्न, मधून जाणारी नवी सीमा. परग्रहवासी येतात तेव्हा आपण धरून चालतो की खुनी तेच. निघतात ते एकाकी मरणाऱ्यांना साक्ष राहायला आलेले. प्रेमचा जीव घेणाऱ्यांत त्याचा सख्खा धाकटा भाऊ असतो. यास्मिन या सहप्रवासिनीचं पंजाबी मूळ इथे सजावटीपुरतं नाही. ती आपल्या आजीच्या, म्हणजे याच उमब्रीनच्या, तारुण्यात गेली नसती तर हा भागच घडला नसता.

राहिली 'जुन्यांना हात लावू नका' ही पुस्ती. 'स्टार ट्रेक'चा सर्वांत गाजलेला खलनायक खान नूनियन सिंग. पहिल्या खर्ड्यात तो हॅराल्ड एरिकसन नावाचा नॉर्डिक गुन्हेगार होता. फेब्रुवारी 1967 मध्ये पडद्यावर आला तो उत्तर भारतातला, 'बहुधा शीख', असं यानावरची इतिहासकार त्याच्याकडे बघून सांगते. समोर मेक्सिकोत जन्मलेला रिकार्डो मोंतालबान, दाढी नाही, पगडी नाही. पगडी दिसते ती त्या इतिहासकार बाईने काढलेल्या चित्रात! 2013 च्या चित्रपटात तोच खान झाला गोरा ब्रिटिश नट बेनेडिक्ट कंबरबॅच. 2023 च्या एका भागात खान लहान मुलाच्या रूपात दिसतो आणि पहिल्यांदाच दक्षिण आशियाई चेहऱ्याचा असतो, नाव ठेवल्यापासून छप्पन्न वर्षांनी. यांतल्या नेमक्या कुठल्या खानला हात लावायचा नाही, तेवढं त्या मजकुराच्या पुढच्या आवृत्तीत लिहावं.