फ्रेमच्या बाहेर

काका ते आजोबा हा पल्ला मी परवा सदाशिवगडावर वीस मिनिटांत गाठला.

बायको आणि धाकट्या मुलाला घेऊन बेळगावहून अणशी घाटाची वळणं सोसत कारवारला गेलो ते एवढ्यासाठी, की काळी नदी समुद्राला मिळते तिथे सूर्य बुडताना बघावा. गड आता नावालाच. ढासळलेला तट, त्यात घुसलेली झाडं, संध्याकाळी हवा खायला येणारी माणसं. बरीशी जागा बघून टेकलो, आमच्या बेळगावच्या मिठाईचा, कुंद्याचा, डबा उघडला, तोच मागून आवाज.

"काका, फ्रेममध्ये येतायसा. जरा तिकडं सरा की वो."

सरलो. "आणि थोडं." आणखी सरलो. "बेळगावचे काय वो?"

"हो, टिळकवाडी."

"आमी शहापूर! मग घरचेच की!" आणि घरचं माणूस सापडल्याच्या आनंदात त्याने एक भलामोठा चंदेरी पडदा माझ्या हातात दिला. त्याच्या मदतनीस पोराला म्हणे घाट लागला होता, ते गाडीत आडवं झालं होतं. मलाही घाट लागला होता, पण ते ऐकायला त्याला वेळ नव्हता.

लग्नाआधीचे फोटो चालले होते. कारवारच्या घामट हवेत नवरदेव निळ्या कोटात, नवरीच्या झग्याच्या शेपटाला गडावरची सगळी कुसळं.

"दादा, वैनीकडं बघा, पण बघू नका. वैनी, हसा, दात नको. काका, वर. अजून वर. काका, श्वास घेऊ नका वो, उजेड हलतोय!"

सोंद्याच्या राजाने हा गड बांधून वडिलांचं नाव दिलं. १७५२ साली पोर्तुगीजांनी तो घेतला, तेव्हा निदान तोफा तरी आणल्या असतील. मी 'घरचेच की' एवढ्यावर शरण गेलो. आमच्या लग्नाचा फोटो स्टुडिओतल्या चिनाराच्या पडद्यापुढे काढलेला, एकच, त्यात माझे डोळे मिटलेले. तरी संसार चाललाय. आणि तटावर रंगाने बदाम काढून आत नावं लिहिणाऱ्यांना कुणी सरा म्हणत नाही. मी चिऱ्यावर नुसता बसलो होतो हो! तिकीटबिकीट असतं तर ते तरी दाखवलं असतं.

"अजून वर" करता करता पडदा माझ्या तोंडापुढे आला. पलीकडून बायकोचा आवाज, "अगंबाई, काय सुंदर!" पडदा चंदेरीचा राखाडी झाला, त्यावरून मी ओळखलं की सूर्य गेला.

त्याने पडद्याची झटक्यात घडी घातली. "थँक्यू आजोबा."

धाकटा अजून हसतोय. आणि कुंदा? नवरदेवाला गरगरल्यासारखं झालं म्हणून बायकोने डबा पुढे केला होता. फोटोग्राफरने रिकामा डबा स्वतः झाकण लावून परत दिला.