हातच्याची वजाबाकी

गोल्फमधला स्लाइस म्हणजे चेंडू सरळ निघतो, अर्ध्या वाटेवर त्याला काहीतरी आठवतं आणि तो उजवीकडच्या झाडीत शिरतो. मागून लगेच निदान येतं, "डोकं वर आलं!" डोक्याचा इथे बहुधा काही संबंध नसतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

चेंडू ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या काठीला, टेकतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात तो दोनच गोष्टी बघतो: फेसचं, म्हणजे काठीच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूचं, तोंड कुठे आहे आणि क्लब, म्हणजे ती काठी, कुठे चाललाय. निघायची दिशा मुख्यतः फेसची. वळण मात्र दोघांच्या भांडणातलं. फेसच्या दिशेतून पाथ, म्हणजे क्लबच्या जाण्याची दिशा, वजा करा. उरेल त्या हिशेबाने फिरकीचा आस कलतो. साइडस्पिन अशी वेगळी आडवी फिरकी नसतेच, बॅकस्पिनच, म्हणजे उलटी फिरकीच, एका कुशीवर होतो.

आम्हा उजव्या हाताच्या स्लाइसवाल्यांचं घोडं इथेच पेंड खातं. समजा, पाथ 4 अंश डावीकडे आणि फेस 1 अंश डावीकडे. चेंडू किंचित डावीकडे निघणार, पण फेस पाथच्या मानाने 3 अंश उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, म्हणून उजवीकडे वळणार. यावर आमचा उपाय? अजून डावीकडे उभं राहायचं! पाथ गेला 9 अंशांवर. हात मात्र इमानी. ते फेस जुन्याच जागी, झेंड्याकडे धरून ठेवतात. वजाबाकी 3 वरून 8. झाडी तीच, आता जरा आतली.

वेजला, म्हणजे उंच, आखूड फटक्याच्या आयर्नला (लोखंडी काठीला), हे दुखणं फारसं जाणवत नाही. तिथे लॉफ्टमुळे, म्हणजे फेस मागे कललेला असल्यामुळे, बॅकस्पिन इतका असतो की तेवढ्याच फरकाने आस कमी कलतो. म्हणून "माझे आयर्न छान आहेत, ड्रायव्हरच खराब" हे वाक्य जन्माला येतं आणि नवा ड्रायव्हर घरी येतो.

विकत घ्यायचाच असेल तर मी म्हणेन, पायाला मारायच्या पावडरीचा स्प्रे घ्या. फेसवर पातळ थर मारला की चेंडूचा ठसा उठतो. ठसा हीलकडे, म्हणजे फेसच्या दांड्याकडच्या टोकाला, असेल तर वजाबाकी शून्य आली तरी चेंडू उजवीकडे वळतो, टोच्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या टोकाला, असेल तर डावीकडे. हे तपासल्याशिवाय पाथला शिव्या देऊ नयेत.

मग ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड. डावा हात थोडा उजवीकडे फिरवा. वरून पाहताना मुठीच्या दोन-तीन गाठी दिसल्या पाहिजेत. एकच दिसत असेल तर फेस उघडा राहण्याचीच शक्यता जास्त. पाथ त्यानंतर: चेंडूच्या वीतभर मागे, क्लबच्या टोच्या रेषेपलीकडे दोन बोटं सोडून बुटांचा रिकामा खोका झेंड्याच्या दिशेने लांबट ठेवा. क्लब बाहेरून आत आला की खोका उडतो. पहिल्या दिवशी चेंडूपेक्षा खोकाच सरळ जातो.